लॅग, कोकणातील घरगुती वायफायवरील

ऑनलाइन खेळात बोट दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो उशीर जाणवतो, त्याला लॅग म्हणतात. ‘पिंग वाढला’, ‘गेम लॅग मारतोय’ असे मुले म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. डेटाचे पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, त्या वेळेतला चढउतार म्हणजे जिटर आणि वाटेत पॅकेट हरवणे म्हणजे पॅकेट लॉस. पिंग ८० मिलिसेकंदांवर स्थिर असेल तर त्यावर हात बसतो. २० वरून २५० वर उड्या मारत असेल तर बसत नाही. खेळाला डेटा फार थोडा लागतो, बहुतेकांना सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा नाही. तरीही लॅग आला की घरात सर्वांत आधी महागडा प्लॅन घेतला जातो आणि पैसे जाऊनही त्रास तसाच राहतो.

गावाला राहतो म्हणून लॅग येतो, ही समजूतही तपासायला हवी. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किमी जातो. रत्नागिरीहून मुंबईला जाऊन यायला त्याला जेमतेम तीन-चार मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वाटेतल्या यंत्रांमुळे थोडे जास्त लागतात, पण खेळ अडण्याइतके नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र नुसत्या अंतरासाठी ४० मिलिसेकंद द्यावे लागतात आणि ते घरातला कोणताही उपाय परत मिळवून देत नाही.

तपासणी घरातूनच सुरू करावी. लॅपटॉपवरून किंवा फोनवरच्या एखाद्या पिंग अ‍ॅपमधून आधी राउटरलाच पिंग करावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो. राउटरशेजारी बसून उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवे. मग नेहमी खेळतो त्या जागी जाऊन तेच करावे. तिथे आकडे शंभर-दोनशेवर जात असतील तर दोष वायफायचा आहे. राउटरचा पिंग स्थिर आणि बाहेरचा उड्या मारतो असे असेल, तर दोष लाइनचा किंवा घरातल्या वापराचा. एवढी दहा मिनिटे दिली तर निम्मे तर्कवितर्क संपतात.

कोकणात वायफायचा दोष निघाला की कारण बहुतेक वेळा भिंत असते. इथली घरे जांभ्या चिऱ्याची, भिंती नऊ इंच किंवा त्याहून जाड, जुन्या घरांत तर मातीच्या आणखी रुंद. फायबरची वायर पुढच्या दारी येते आणि राउटर ओटीवर, टीव्हीच्या वर बसतो. खेळणारा मात्र माजघराच्या पलीकडच्या खोलीत किंवा माडीवर असतो. मधे दोन-तीन चिरेबंदी भिंती, कधी लोखंडी कपाट, कधी पाण्याची टाकी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना गर्दी कमी लागते, पण भिंत ओलांडताना त्या जास्त क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे पोचतात, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही असतात. सिग्नल क्षीण झाला की पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते आणि पिंगची उडी तिथेच तयार होते. राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी, कपाटाबाहेर आणणे हा बिनखर्चाचा उपाय आधी करावा. त्याच खोलीतून खेळता आले तर ५ गिगाहर्ट्झ, भिंतीआडून खेळायचे तर २.४, आणि तिथे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला भाग, १, ६ किंवा ११ पैकी मोकळे असेल ते. विखुरलेल्या घरांच्या वाडीत चॅनेल बदलून फारसा फरक पडत नाही. चिपळूण-कुडाळच्या इमारतींत, जिथे शेजारचे दहा वायफाय दिसतात, तिथे पडतो.

साधा रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे पाठवणारे यंत्र, घेताना विचार करावा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि उशीर वाढतो. फोनवर सिग्नलच्या काड्या भरल्या दिसतात, लॅग राहतो. खरा इलाज वायरचाच. चिऱ्याला भोक पाडणे अवघड नाही, वाशांच्या कडेने लॅनची वायर नेता येते आणि ती १०० मीटरपर्यंत चालते. मागच्या खोलीत त्या वायरवर दुसरा राउटर बसवला की घर दोन्ही टोकांनी भरून निघते.

‘पाऊस लागला की नेट जाते’ हे इथले नेहमीचे वाक्य. घरातल्या वायफायच्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत, पण ओली भिंत आणि भिजलेली झाडी नक्की अडवतात. अंगणापलीकडच्या खोलीत जूनपासून सिग्नल पडतो तो त्यामुळे. बाकीचे कारण वीज आणि वायर. खांबांवरून आणि माडांवरून ओढलेल्या फायबरवर फांदी पडते, माकडे तिला लोंबकळतात, वायर दुमडली की प्रकाश कमी होतो. फायबरच्या बॉक्सवर लाल दिवा लागला तर राउटर चालू-बंद करण्यात अर्थ नाही, तक्रारच नोंदवावी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि संपर्क कित्येक दिवस नव्हता. एरवीच्या लोडशेडिंगला मात्र राउटरचा छोटा यूपीएस पुरतो.

गणपतीत आणि शिमग्यात वेगळाच प्रकार घडतो. चाकरमानी येतात, एका राउटरवर वीसेक फोन चढतात, आरतीचा व्हिडिओ कुणीतरी अपलोड करते आणि त्याच क्षणी पिंग तीनशेवर जातो. कारण अपलोडची वाट भरली की राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत उभी करतो आणि खेळाचे छोटे पॅकेटही त्या लांब रांगेत अडकते. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग लांबू न देण्याची पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली सोय काही राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ या नावाने असते. ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५–९० टक्क्यांवर ठेवली की घरचे सगळे नेट वापरत असतानाही खेळ चालतो. अशी सोय नसेल तर फोनवरचे आपोआप होणारे फोटो-बॅकअप तेवढ्या वेळापुरते थांबवावेत.

फोनचा बॅटरी सेव्हरही खेळताना बंद ठेवावा. तो वायफायला मधूनमधून झोपवतो आणि ठराविक अंतराने पिंग उसळतो.

समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने लॅनच्या पिना हिरव्या पडतात आणि जोड सैल होतो. वर्षातून एकदा, पावसानंतर, टोके बदलून घेतलेली बरी. विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर लॅनची वायरही काढावी. खळ्यातून दुसऱ्या घरी वायर न्यायची असेल तर तांब्याची टाळून फायबरच टाकावी. दरीतल्या ज्या वाड्यांत फायबर पोचलेली नाही आणि नेट मोबाइल टॉवरवरून येते, तिथे उशीर टॉवर आणि घराच्या मधेच होतो. तिथे राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवून बघावे. आतल्या वायफायची दुरुस्ती करून हा उशीर जात नाही.