नैरोबीच्या मुरमावरची हॉकी

१९७१ साली बार्सिलोना येथे हॉकीचा पहिला विश्वचषक खेळला गेला, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात भारताने केनियाला २-१ असे हरवले. केनियाच्या त्या पिढीच्या हॉकीवर अवतार सिंग सोहल यांच्यासारख्या शिखांची आणि फर्नांडिस, मेंडोन्सा अशा आडनावांच्या गोवेकरांची छाप होती. १९६२च्या जनगणनेनुसार केनियाच्या सुमारे ८६ लाख लोकसंख्येत आशियाई वंशाचे लोक जेमतेम पावणेदोन लाख होते आणि त्यांतही शीख आणि गोवेकर थोडेच होते. एवढ्याशा समाजातून जगातील चौथ्या क्रमांकाचा संघ कसा उभा राहिला, या प्रश्नाला ‘हॉकी त्यांच्या रक्तातच होती’ असे उत्तर हमखास मिळते. ते मला पटत नाही, कारण अवघ्या काही वर्षांत हा संघ ज्या वेगाने खाली आला, त्याचा उलगडा रक्ताच्या भाषेत होऊच शकत नाही.

ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, करारावर नेण्यात आले. बहुतेक जण परतले, पण काही हजार तेथेच राहिले आणि मागाहून कारागीर, कारकून व व्यापारी येत गेले. इंग्रजी शिकलेले गोवेकर सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून रुजू झाले, तर काही जण शिंपीकाम आणि स्वयंपाक करू लागले. आधी गेलेला माणूस भावाला, भाच्याला, गावकऱ्याला बोलावून घेतो आणि त्याच्या नोकरीची व निवाऱ्याची सोय लावतो. समाजशास्त्रज्ञ याला साखळी स्थलांतर म्हणतात. मुंबईत गोव्याच्या गावांनी चालवलेल्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने, ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वसाहतीच्या राजवटीत नैरोबीच्या वस्त्या, शाळा आणि क्लब वंशानुसार विभागलेले होते. गोऱ्यांच्या क्लबांची दारे बंद असल्यामुळे प्रत्येक समाजाने आपापला क्लब काढला. शिखांचा सिख युनियन झाला, तर गोवेकरांमध्ये कारकुनांचे गोवन इन्स्टिट्यूट, प्रतिष्ठितांचे गोवन जिमखाना आणि शिंप्यांची स्वतंत्र संस्था अशी उतरंड तयार झाली. मायदेशातील जातीचे आणि वर्गाचे भेद समुद्र ओलांडून आले आणि क्लबांच्या सदस्यत्वात मुक्कामाला राहिले, हे या कथेतील वेदनादायक सत्य आहे. याच बंदिस्तपणाचा खेळाला मात्र फायदा झाला. दर आठवड्याला तेच संघ ईर्ष्येने एकमेकांशी भिडत आणि डॉ. रिबेरो गोवन स्कूलसारख्या शाळांतील मुले मोठ्यांचा खेळ कुंपणाशी उभी राहून पाहत. शाळा सुटली की तीच मुले क्लबच्या संघात जागा मिळवण्यासाठी धडपडत. मैदानेही बहुधा मुरमाची असत. गवतावर चेंडू अडखळतो आणि मंदावतो, पण दाबून सपाट केलेल्या मुरमावर तो जमिनीलगत सरळ व वेगाने येतो. त्यामुळे पहिल्याच स्पर्शात चेंडू थांबवण्याची आणि मनगटाच्या वळणाने तो हलवण्याची सवय लहानपणीच अंगवळणी पडते.

माणसामाणसांतील ओळखी आणि विश्वास यांना समाजशास्त्रात सामाजिक भांडवल म्हणतात. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी त्याचे दोन प्रकार लोकप्रिय केले. एक प्रकार आपल्याच माणसांना घट्ट बांधतो आणि दुसरा परक्यांशी पूल बांधतो. नैरोबीत पहिला प्रकार विपुल होता, दुसऱ्याचा दुष्काळ होता. आफ्रिकी मुलांना या क्लबांत आणि शाळांत जवळजवळ प्रवेशच नव्हता, म्हणजे देशातील बहुसंख्य मुलांच्या हाती स्टिकच पडली नाही. हा अन्याय होता आणि त्या काळच्या विजयांचे कौतुक करताना तो झाकू नये.

देश मात्र खेळाडूंना आपला वाटत होता. मोंबासाचा गोवेकर धावपटू सेराफिनो अंताव याने १९६२ साली पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्डांच्या शर्यती जिंकून केनियाला पहिली सुवर्णपदके मिळवून दिली आणि १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र केनियाचा ध्वज त्याच्याच हाती होता. त्याच ऑलिंपिकमध्ये केनियाचा हॉकी संघ सहावा आला. पण खेळाडूच्या गळ्यातील पदक त्याच्या समाजाच्या नागरिकत्वाचा प्रश्न सोडवत नाही. केनियाने १९६७ साली परदेशी नागरिकांच्या नोकरी व व्यापारावर परवान्यांची बंधने आणली, ब्रिटनने १९६८ साली घाईघाईने कायदा करून ब्रिटिश पारपत्र असलेल्या आशियाईंची वाट रोखली आणि या कोंडीत हजारो कुटुंबे ब्रिटन व कॅनडाकडे निघून गेली. शेजारच्या युगांडात तर ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्याच महिन्याच्या अखेरीस युगांडाचा बहुतांशी भारतीय वंशाचा हॉकी संघ म्युनिक ऑलिंपिकमध्ये उतरला. ज्या देशासाठी खेळायचे, त्यानेच हाकलून दिल्याची बातमी मनात घेऊन हे खेळाडू मैदानात कसे उभे राहिले असतील, याची कल्पनाही मला करवत नाही.

म्युनिकमध्ये केनिया तेराव्या क्रमांकावर घसरला. बार्सिलोना होऊन अवघे वर्ष लोटले होते. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि ती महागडी मैदाने अनेक देशांच्या आवाक्याबाहेर राहिली, हेही घसरणीचे एक कारण आहेच. पण मुख्य कारण माझ्या मते वेगळे आहे: स्थलांतरात केवळ खेळाडू गेले नाहीत, तर शाळा, क्लब, पंच आणि रविवारचे प्रेक्षक यांचे अख्खे जाळे विरले.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील पर्थचे आहे. जबलपूरचे अँग्लो-इंडियन पिअर्स बंधू १९४७च्या सुमारास तेथे स्थायिक झाले आणि त्या पाच भावांपैकी तिघे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळले. युरोपीय वंशाचा अंश असल्यामुळेच त्यांना तेव्हाच्या वर्णद्वेषी प्रवेशधोरणातून वाट मिळाली होती. तेथे मात्र त्यांचे कौशल्य एका समाजाच्या क्लबात कोंडून न राहता स्थानिक हॉकीत मिसळले आणि १९६४ साली ऑस्ट्रेलियाने हॉकीतील पहिले ऑलिंपिक पदक जिंकले. केनियाचा पुरुष संघ १९८८च्या सोल ऑलिंपिकनंतर त्या स्पर्धेत पुन्हा दिसलेला नाही.