नवी प्रजाती की जुन्याच प्रजातीचं पिल्लू? पिसांच्या डायनासोरची हाडं कशी वाचतात

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सुरू झाला की वर घारी घिरट्या घालू लागतात. पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार त्यांत लगेच ओळखू येते. घोळ होतो तो तिच्या पिल्लाचा. ते सुरुवातीला सगळं तपकिरी असतं आणि साध्या घारींत मिसळलं की भलेभले फसतात. अशा वेळी रंग सोडून शेपटी बघायची. साध्या घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते, ब्राह्मणीची शेपटी गोल असते, आणि पिल्लाचीही गोलच असते. रंग वयाबरोबर बदलतो, शेपटीचा घाट बदलत नाही.

पिसं असलेल्या डायनासोरची नवी प्रजाती ठरवताना हाच पेच पडतो. चीनच्या लियाओनिंग प्रांतात १९९६ मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सचं वर्णन झालं. पक्षी नसलेल्या डायनासोरच्या अंगावर पिसांसारखं आवरण तिथे पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून त्या भागातल्या जुन्या तळ्यांच्या गाळातून सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे निघतच आहेत. समजा, त्यातल्या एका फरशीवर कावळ्याएवढा सांगाडा आहे, तोंड आखूड, डोळ्याची खोबण मोठी, आणि ज्ञात प्रजातींपैकी कुणाशीच तो पुरता जुळत नाही. ही नवी प्रजाती असेल, किंवा ज्ञात प्रजातीचं आजवर न पाहिलेलं पिल्लू असेल. आखूड तोंड आणि मोठे डोळे तर बहुतेक पिल्लांना असतातच.

कोकणात हाताळायला डायनासोर नाही. जांभ्याच्या चिरेखाणीत हाडासारखे लांबट, पोकळ तुकडे सापडतात, ते लोहाचे असतात. जांभा बनतो तोच मुळी खडक पावसाच्या पाण्याने झिजून, विरघळून, आणि त्यात हाड टिकत नाही. (लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाची गोष्ट वेगळी. मुंबईत वरळीला अशा गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना नाव दिलं.) पण सरावाला ताटातला डायनासोर आहेच. पक्षी हे डायनासोरांच्याच वंशातले, त्यामुळे वड्यांबरोबरच्या कोंबडीची हाडं या कामाला अगदी चालतात.

एक तंगडी ब्रॉयलरची घ्या, एक वर्षभर जुन्या गावठी कोंबड्याची. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत मीठमसाला न घालता मंद आचेवर शिजवा. ब्रॉयलरला तास पुरतो, गावठीला दोन ते तीन लागतात. कुकर वापरू नका, त्यात हाडांची टोकं मऊ होऊन सुटतात आणि जे बघायचं तेच हातचं जातं. मांस काढा, जुन्या टूथब्रशने घासा, दोन दिवस सावलीत वाळवा.

ब्रॉयलरच्या हाडाचं टोक म्हणजे आपण कुरकुर चावून खातो ती कूर्चा. वाळल्यावर ती आक्रसते आणि नळीचं टोक खडबडीत, उघडं पडतं. गावठीचं टोक कडक, गुळगुळीत, सांध्याचा आकार नीट दाखवणारं. ब्रॉयलरच्या नळीवर भिंगातून बारीक छिद्रं आणि उभे चरे दिसतात, कारण भराभर वाढणाऱ्या हाडात रक्तवाहिन्या पृष्ठभागापर्यंत येतात. गावठीची नळी चकचकीत असते. कमरेची हाडं मिळाली तर तीही बघा. ब्रॉयलरची सहज सुटी होतात, जुन्या कोंबड्याची एकजीव झालेली असतात.

आता वजन आठवा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, गावठी कोंबडी दोन वर्षांची झाली तरी अनेकदा त्याच्या आत असते. आकार बघून वय ठरवणारा इथेच आपटतो. जीवाश्मांतही लहान म्हणजे पिल्लू आणि मोठा म्हणजे प्रौढ हे गणित चालत नाही.

दगडातल्या सांगाड्यावर आधी मणके तपासतात. मणक्याचा खालचा गोलवा आणि वरची कमान यांच्यामधली सांधरेषा पिल्लात उघडी असते, वय वाढलं की मिटते. मगरींत ती शेपटीकडून मानेकडे मिटत जाते. मांसाहारी डायनासोरांत हा क्रम सगळीकडे सारखा नाही, म्हणून एकाच मणक्यावरून निकाल देऊ नये. शिवाय लियाओनिंगचे सांगाडे वरच्या थरांच्या भाराने चपटलेले असतात आणि चिरडलेल्या हाडाची भेग सांधरेषेसारखी दिसते. फरक असा, की सांधरेषा शेजारच्या मणक्यांवरही त्याच जागी असते आणि तिची कड नागमोडी असते. भेग कुठूनही कशीही जाते, बहुतेकदा भोवतालच्या दगडातही शिरते.

खरा पुरावा हाडाच्या आत असतो, आणि त्यासाठी हाड कापावं लागतं. संग्रहालयं याला सहजी तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून कापण्याआधी फोटो, मोजमापं, सीटी स्कॅन आणि साच्यातून काढलेली प्रतिकृती एवढं हवंच. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचा मधला भाग निवडतात, कारण वाढीची नोंद तिथे सर्वांत चांगली राहते. तुकडा इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेत बसवून हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चकती काढतात, ती काचेवर चिकटवतात आणि सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीवर घासत ५० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीपर्यंत आणतात. जाड राहिली तर प्रकाश आरपार जात नाही. घाई केली तर कडा उडते, आणि नेमकी कडाच महत्त्वाची असते.

सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारख्या रेषा दिसतात. वर्षातून एकदा वाढ थांबते, तिची ही खूण. बाहेरच्या कडेला या रेषा दाटीवाटीने आल्या असतील आणि तिथे रक्तवाहिन्या जवळजवळ नसतील, तर वाढ संपली होती. कडेपर्यंत वाहिन्यांचं जाळं असेल तर प्राणी वाढत्या वयात मेला. रेषा मोजतानाही सावध राहावं लागतं. मधली पोकळी वयाबरोबर रुंदावते आणि सुरुवातीच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून मोजलेला आकडा म्हणजे निदान इतकं वय.

हे झालं वयाचं. प्रजातीसाठी वयाने न बदलणारी वैशिष्ट्यं हवीत. तोंडाची लांबी, पायांचं प्रमाण, स्नायू जिथे चिकटतात ते उंचवटे, हे सगळं वाढीबरोबर बदलतं. त्याहून भरवशाचं म्हणजे मणक्यांची संख्या, किंवा कवटीतली कोणती हाडं एकमेकांना भिडतात ते. एकाच वैशिष्ट्यावर नाव ठेवणं धोक्याचंच. ट्रूडॉन हे डायनासोरचं नाव १८५६ मध्ये फक्त एका दातावर ठेवलं गेलं. तसे दात अनेक प्राण्यांना असल्याने २०१७ मध्ये संशोधकांना ते नाव बाजूला ठेवून जुनं स्टेनोनिकोसॉरस पुन्हा वापरात आणावं लागलं.

याच्याही आधीचा प्रश्न, सगळी हाडं एकाच प्राण्याची आहेत का? १९९९ मध्ये गाजलेला आर्किओरॅप्टर हा जीवाश्म म्हणजे यानोर्निस नावाच्या प्राचीन पक्ष्याच्या धडाला चिकटवलेली मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनासोरची शेपटी होती. त्यात फसवणूक तरी होती. २०१५ मध्ये नाव दिलेल्या डकोटारॅप्टर या डायनासोरमध्ये प्रामाणिक चूक होती. गळ्याखालचं बेचकीच्या आकाराचं हाड म्हणून दाखवलेला तुकडा मऊ पाठीच्या कासवाच्या पोटाकडच्या कवचाचा निघाला.

आणि पिसं? हाडांवर त्यांची खूण सापडते, पण ती वयाची खूण नव्हे. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टर या डायनासोरच्या पुढच्या पायाच्या हाडावर ओळीने ६ उंचवटे दिसले. पक्ष्यांत अशा ठिकाणी मोठ्या पिसांची मुळं हाडाला बांधलेली असतात. सगळ्या पक्ष्यांत हे उंचवटे ठळक नसतात, म्हणून ते नाहीत यावरून पिसं नव्हती असं म्हणता येत नाही. २०२० मध्ये नाव मिळालेल्या वूलाँग या डायनासोरच्या शेपटीच्या टोकाला दोन लांब, थाटाची पिसं होती, अगदी प्रौढाला शोभावीत अशी. हाडांचे काप केले तर प्राणी जेमतेम वर्षाचा निघाला. ब्राह्मणी घारीच्या पिल्लाच्या अगदी उलट. संशोधकांनी तो पिल्लू आहे हे उघड मान्य केलं आणि मगच नवं नाव दिलं. आमच्या मते पद्धत हीच योग्य.

वय आणि प्रजाती हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर काय होतं, ते नॅनोटिरॅनस या मांसाहारी डायनासोरमध्ये दिसतं. त्याच्या अंगावर पिसं होती का हे ठाऊक नाही, पण वाद नेमका हाच. १९८८ मध्ये हे नाव आलं, आणि नंतर बऱ्याच जणांनी ते टिरॅनोसॉरस रेक्सचं पिल्लू ठरवलं. २०२० मध्ये जेन नावाच्या सांगाड्याची हाडं कापली. वय निदान १३ वर्षं आणि वाढ अजून चालू, म्हणजे पिल्लू, म्हणजे रेक्स, असा निष्कर्ष निघाला. २०२५ मध्ये दुसऱ्या एका सांगाड्याचा अभ्यास आला. तो सुमारे २० वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला, तरी रेक्सपेक्षा खूपच लहान होता. त्याचे दात जास्त होते आणि शेपटीचे मणके कमी. मणक्यांची संख्या वयाबरोबर वाढत नाही. त्याच अभ्यासाने जेनलाही नॅनोटिरॅनसमध्येच टाकलं, पण वेगळ्या प्रजातीत. जेन वाढत्या वयाची होती हे २०२० चं म्हणणं खरंच होतं. फक्त ती रेक्सची नव्हती.