वळीव, गोरज मुहूर्त आणि मांडवावरचे बारा टन पाणी

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर माझ्या भाचीचे लग्न होते. मुहूर्त गोरज होता. दुपारभर असह्य उकडत होते, झाडाचे पान हलत नव्हते आणि चारच्या सुमारास सिन्नरच्या अंगाला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक ढग वर चढू लागला होता. सहाच्या आत त्याने अर्धे आभाळ व्यापले. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला आणि त्याच वेळी धुळीचा वास घेऊन एकदम गार वारा सुटला, स्टेजमागचा फुलांचा पडदा चौकटीसकट पुढे कलला आणि पाठोपाठ टपोरे थेंब कापडावर वाजू लागले. माझ्या शेजारी बसलेली आजी शांतपणे म्हणाली, ‘पोरीनं लहानपणी कढईतली खरवड खाल्ली, त्याचा हा पाऊस.’ निफाडहून आलेले भाचीचे मोठे काका मात्र फोन कानाला लावून कडेला उभे होते आणि घरी विचारत होते, ‘कांद्यावर ताडपत्री टाकली का?’

खरवडीचा आणि ढगाचा काही संबंध नाही. गोरज मुहूर्ताचा आणि वळवाच्या ढगाचा संबंध मात्र पक्का आहे, आणि लग्नाची तारीख ठरवताना तो कोणीच विचारात घेत नाही, याचे मला त्या दिवसापासून फार वाटत आले आहे.

मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तो साडेबाराच्या सुमारास. पण जमीन तापत राहते आणि तिच्या लगतची हवा सर्वांत गरम होते ती दोन-तीनच्या दरम्यान. ही हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प पुरेसे असेल, तर वर जाताना ती थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि थेंब बनताना बाहेर पडणारी उष्णता त्या हवेला आणखी वर ढकलते. असा ढग तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंच होऊ शकतो. जमीन तापणे, ढग वाढणे आणि पाऊस कोसळणे या क्रमाला लागणारा वेळ मोजला, तर वळवाची वेळ साधारण दुपारी तीन ते संध्याकाळी सात अशी येते. नाशिकला मेच्या मध्यावर सूर्य मावळतो सातच्या सुमारास. म्हणजे गाई घरी परतण्याची जी वेळ शुभ मानली गेली, तीच वळवाच्या ढगाचीही भर जोराची वेळ आहे. एप्रिल-मेमध्ये उघड्या लॉन्सवर लग्न करायचे असेल आणि पंचांगात दुपारी बाराच्या आतला मुहूर्त मिळत असेल, तर तो घ्यावा, हा माझा पहिला आणि सर्वांत कळकळीचा सल्ला आहे.

आपल्याकडे लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढी एकादशीला थांबते. एवढ्या काळात नाशिकला एका जातीचा पाऊस पडत नाही, तीन जातींचा पडतो, आणि प्रत्येकाची तयारी वेगळी असते. नोव्हेंबर ते मार्चमधला अवकाळी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारे कमी दाबाचे पट्टे, आणि समुद्रावरचे बाष्प यांच्या भेटीतून होतो. २०२३ साली कार्तिकी एकादशी २३ नोव्हेंबरला होती. तुळशीची लग्ने लागत असतानाच २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. या जातीच्या पावसामागची यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेली असल्यामुळे त्याची चाहूल तीन-चार दिवस आधी लागते. दुसरा वळीव, ज्याचे वर्णन वर आले. तिसरा जूनमधला मोसमी पाऊस, आणि त्याच्याही तारखेवर विसंबता येत नाही. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोहोचला. ‘मेअखेर कोरडे असते’ या भरवशावर उभारलेल्या मांडवांची त्या वर्षी काय अवस्था झाली असेल, हे सांगायला नको.

मोसमी पावसाचा नाशिकपुरता एक ठळक नियम आहे. पश्चिमेकडून येणारे वारे सह्याद्रीवर चढताना बहुतेक पाणी तिथेच टाकतात. त्यामुळे इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि पूर्वेला येवला-सिन्नरकडे त्याहून कमी. जूनमधले लग्न त्र्यंबक रस्त्यावर आहे की सिन्नर रस्त्यावर, याने म्हणूनच मोठा फरक पडतो. वळवाला मात्र हा घाटाचा नियम लागू नाही. तो जिथे जमीन तापेल आणि बाष्प मिळेल तिथे उठतो. त्याचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो, म्हणून पंचवटीत गुडघाभर पाणी आणि सातपूरला कोरडा रस्ता असे घडते. शिवाय अशा एका ढगाचे आयुष्य तास-दीड तासाहून सहसा अधिक नसते.

आता त्या गार वाऱ्याविषयी, कारण लग्नघरात सगळे पाण्याला भितात आणि नुकसान आधी वाऱ्याने होते. मेमधली हवा कोरडी असल्यामुळे ढगाचा तळ दोन-तीन किलोमीटर उंचीवर असतो. तिथून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच अंशतः वाळतात. वाळताना ते हवेतली उष्णता शोषतात, थंड झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी पाच-दहा मिनिटे येणारा तो गार झोत म्हणजे ही हवा होय. मोसमी पावसात ढग खाली असतात आणि हवा दमट असते, म्हणून तिथे असे झोत दुबळे असतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे मांडववाल्यांना अनुभवाने ठाऊक असते, आपल्याला आकड्यांनी कळते. स्टेजमागचा पडदा १२ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच धरला, तर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे ३०० किलोंचा जोर येतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ झाला, की तोच जोर चौपट होऊन १२०० किलोंवर जातो. फुलांची घट्ट विणलेली भिंत म्हणजे शिडाच्या जहाजाचे शीड असते. पडदा जाळीदार असावा, वारा आरपार जावा, चौकटीला मागून तणावे असावेत आणि त्यांच्या खुंट्या जमिनीत खोल ठोकलेल्या असाव्यात, एवढे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे.

पाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात एक किलो पाणी. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मांडवावर २० मिलिमीटरचा एक जोरदार वळीव पडला, तर १२,००० लिटर, म्हणजे मोठा टँकरभर पाणी अर्ध्या तासात वरून येते. हे बारा टन वाहून गेले तर काही बिघडत नाही, साचले तर बिघडते. कापडाला जरा झोळ पडला की तिथे पाणी जमते, त्याच्या वजनाने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी येते. दोन मीटर व्यासाचा आणि मध्यभागी फूटभर खोल झोळ दिसायला किरकोळ वाटतो, पण त्यात साडेचारशे किलोंहून अधिक पाणी असते, आणि ते पंगतीच्या डोक्यावर असते. भाचीच्या लग्नात मांडववाल्याची दोन पोरे लांब बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळून झोळ खालून उचलत होती आणि पाणी कडेने धबाधबा खाली सोडत होती. चिंध्या कशासाठी, असे मी विचारले, तर एक जण म्हणाला, ‘नाहीतर बांबू कापडातून आरपार जातो, काका.’ सपाट छताऐवजी दोन्ही बाजूंनी उताराचे, ताणून बसवलेले छत आणि कडेला पाणी नेणारी चर असेल, तर त्या पोरांना ही कसरत करावी लागत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणून तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लोखंडी खांबांचा मांडव हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद मोटार हाच आसरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे. लॉन्स ठरवताना सगळे पाहुणे मावतील एवढा पक्का हॉल शेजारी आहे का, हा प्रश्न जेवणाच्या ताटाच्या दरापेक्षा आधी विचारावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. घरातल्या एका जबाबदार तरुणाच्या फोनवर ते असावे. जनरेटरपासून येणाऱ्या तारांचे जोड ओल्या गवतावर पडलेले नसावेत, ते उंच टांगावेत, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच, आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. ओल्या त्वचेतून विजेचा प्रवाह कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी सहज जातो.

हवामान खात्याचा अंदाज वाचण्याचीही एक रीत आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ हलका पाऊस असा नाही. अंदाजाच्या क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा नेमका अर्थ आहे, आणि त्या एखाद्या ठिकाणी तो धो धो असू शकतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. पिवळा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी सज्ज राहायला आणि लाल प्रत्यक्ष कृती करायला. सहा महिने आधी तारीख ठरते तेव्हा फक्त त्या महिन्याचा स्वभाव माहीत असतो. पाच दिवस आधी हवेचा कल कळतो. नेमका कोणत्या लॉन्सवर ढग फुटेल, हे मात्र शेवटच्या दोन-तीन तासांत, रडारवरच दिसते. म्हणून दुपारी चारला रडारचे चित्र पाहून ‘आत की बाहेर’ हे ठरवणारी एकच व्यक्ती आधी नेमून ठेवावी. वधूपिता ती नसावी.

चिखलाची गोष्ट नाशिकची खास आहे. इथल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात, त्यांच्या फटींत पाणी शिरले की माती फुगते आणि लोण्यासारखी घसरते. पार्किंगला आठवडाभर आधी मुरूम टाकून रोलर फिरवला तर गाड्या रुतत नाहीत. आदल्या रात्री टाकलेला मुरूम पहिल्या सरीत मातीत जातो.

भाचीच्या अंगावर येवल्याची पैठणी होती आणि तिच्या पदरावर पाणी पडले. रेशमावर पाण्याचा डाग उमटतो तो पाण्याचा नसतोच. पाणी कापडातली खळ आणि धूळ विरघळवते, ओल्या भागाच्या कडेला वाळण्याचा वेग अधिक असल्यामुळे सगळे तिकडे ओढले जाते आणि तिथे कडा उमटते. ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवतही असते. म्हणून पदर चोळू नये, पिळू नये. कोरड्या सुती कापडाने दाबून टिपावा आणि सावलीत पसरावा. तिच्या मावशीने नेमके तेच केले.

गुरुजींना आम्ही आधीच विचारून ठेवले होते, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी आठच्या पुढची दुसरी वेळ काढून दिली होती. त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. हॉलमध्ये साडेतीनशे माणसे दाटीवाटीने बसली, चहा फिरला, पापड तेवढे सादळले. पाऊणएक तासाने गडगडाट पूर्वेकडे लांब गेला. त्यानंतरचा अर्धा तास आम्ही नेमाने मोजला आणि मग दारे उघडली. बाहेरची हवा आठ-दहा अंशांनी उतरली होती आणि मृद्गंध दाटला होता. या वासातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा, जे मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्मजीव तयार करतात; हवेच्या एक लाख कोटी कणांत त्याचे मोजके कण असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतात. थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास घेऊन सूक्ष्म तुषार उडवतात. मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरींत हे अधिक घडते. म्हणून वळवाच्या शेवटच्या झिमझिमीत तो सुगंध इतका भरून येतो. कोणत्याही सजावटकाराकडून हे विकत मिळत नाही, आणि महिनोन् महिने तापलेल्या जमिनीवरच ते मिळते.

मंगलाष्टके उघड्यावरच झाली, ठिबकत्या मांडवाच्या कडेला. भिजलेल्या गवतावर दिव्यांचा प्रकाश पसरला होता आणि अक्षता नवरा-नवरीच्या ओल्या केसांना चिकटून राहिल्या. पंगत बसली तेव्हा मोठ्या काकांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, दोन शब्द ऐकले, ‘सगळा झाकला? बरं,’ असे म्हणून खिशात ठेवला आणि वाढप्याकडे मठ्ठा मागितला.