रक्तपेढीतील अनर्ह कर्मचारी : कायदेशीर मर्यादा

रुग्णालयाच्या रक्तपेढीत आवश्यक अर्हता, अनुभव किंवा परवाना अधिकाऱ्यांची मान्यता नसलेल्या व्यक्तीकडून तांत्रिक काम करून घेण्यास भारतीय कायद्याने बंधने घातली आहेत. ही बंधने मुख्यतः औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांत आढळतात. मानवी रक्त व त्याचे घटक हे या अधिनियमाच्या दृष्टीने ‘औषध’ आहेत. त्यामुळे रक्तपेढी चालविणे हा औषधनिर्मितीचा व्यवसाय ठरतो आणि तो परवान्याशिवाय करता येत नाही. रक्तपेढीतील मनुष्यबळाविषयीचे सगळे नियम या एका भूमिकेतून निघालेले आहेत.

रक्तपेढीच्या परवान्यासंबंधीच्या तरतुदी १९४५ च्या नियमांतील भाग दहा-ब मध्ये असून जागा, उपकरणे, कर्मचारी, चाचण्या व नोंदी यांचा तपशील परिशिष्ट ‘एफ’च्या भाग बारा-ब मध्ये दिला आहे. नियम १२२-जी नुसार रक्तपेढीचे कामकाज सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या सक्रिय मार्गदर्शनाखाली व प्रत्यक्ष देखरेखीखाली चालले पाहिजे आणि त्यांच्यात किमान एक पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी असला पाहिजे. हा अधिकारी विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) किंवा रक्तसंक्रमणशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर पदवीधर, किंवा याच विषयांतील पदविका घेतलेला एम.बी.बी.एस., किंवा रक्तपेढीतील एक वर्षाच्या नियमित सेवेचा अनुभव असलेला एम.बी.बी.एस. असावा लागतो. तंत्रज्ञाकडे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदवी आणि रक्तचाचण्यांचा सहा महिन्यांचा अनुभव, अथवा पदविका (बोलीभाषेत ‘डीएमएलटी’) आणि एक वर्षाचा अनुभव असणे आवश्यक मानले गेले. तंत्रज्ञांसाठीची ही अट १९९९ च्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेल्यांना लागू झाली. जेथे रक्तापासून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक वेगळे केले जातात, तेथे त्या कामाचा अनुभव असलेला तांत्रिक पर्यवेक्षक वेगळा नेमावा लागतो. नोंदणीकृत परिचारिका हाही या यादीचा भाग आहे.

अनर्ह व्यक्तीने अमुक काम करू नये, अशी निषेधाची यादी नियमांत कोठेही दिलेली नाही. कोणते काम कोणी करायचे एवढेच नियम सांगतात, आणि मर्यादा त्यातून निष्पन्न होते. सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्यांची नावे प्रत्यक्ष परवान्यावर लिहिलेली असतात. त्यात बदल झाल्यास परवानाधारकाने परवाना अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणून औषध निरीक्षक तपासणीस येतात तेव्हा परवान्यावरील नावे, हजेरीपट आणि चाचण्यांच्या नोंदवहीतील सह्या एकमेकांशी जुळतात का, हे पाहून कागदावरचा तंत्रज्ञ आणि प्रत्यक्ष टेबलावर बसलेली व्यक्ती एकच आहे की नाही, याचा अंदाज येऊ शकतो. नावापुरत्या नेमणुका उघड करण्याचे याहून साधे साधन नाही, आणि ते काटेकोरपणे वापरले गेले पाहिजे.

साफसफाई, रक्तदात्यांची नावनोंदणी, अल्पोपाहार, पिशव्यांची ने-आण अशी कामे साहाय्यक कर्मचारी करू शकतात. प्रशिक्षणार्थींना देखरेखीखाली शिकता येते, मात्र पूर्णवेळ तंत्रज्ञाच्या जागी त्यांची गणना होत नाही. शिवाय प्रत्येक कर्मचारी आपापल्या कामाच्या प्रमाण कार्यपद्धतीत प्रशिक्षित आहे, हे नोंदी ठेवून दाखविण्याची जबाबदारी परवानाधारकावर आहे. केवळ पदविकेच्या प्रमाणपत्रावर ही जबाबदारी संपत नाही.

या अटी अनाठायी नाहीत, हे प्रयोगशाळेतील एका नेहमीच्या कामावरून लक्षात येते. रक्तगट दोन बाजूंनी तपासला जातो. एकीकडे रक्तातील लाल पेशी अँटी-ए, अँटी-बी व अँटी-डी या द्रावांशी मिसळून गुठळी होते का ते पाहतात. दुसरीकडे त्याच रक्ताचा द्रवभाग ज्ञात गटाच्या पेशींशी मिसळून उलट तपासणी करतात. दोन्ही निष्कर्ष जुळले तरच गट निश्चित होतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत वर्णन केलेला ‘बॉम्बे’ रक्तगट पहिल्या तपासणीत हुबेहूब ‘ओ’ गटासारखा दिसतो. त्या व्यक्तीचा द्रवभाग ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळल्यावर गुठळी दिसते, तेव्हाच खरा प्रकार कळतो. अशा रुग्णाला साधे ‘ओ’ रक्त दिल्यास लाल पेशी झपाट्याने फुटून जीव धोक्यात येतो. क्षीण ‘डी’ (आरएच घटकाचा कमजोर प्रकार) असलेले किंवा ‘ए’ गटाच्या उपगटाचे रक्तही असेच फसवे असते. परीक्षानळी हलक्या हाताने झटकून तळाशी दिसणारी बारीक गुठळी ओळखणे ही सरावाने येणारी गोष्ट आहे. ज्याने ती शिकून घेतलेली नाही, त्याला आपल्या नजरेतून काय सुटले हेसुद्धा समजत नाही.

याशिवाय प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी, गुप्तरोग (सिफिलिस) व हिवताप यांसाठी तपासणी अनिवार्य आहे. लेबलाचा रंगही ठरवून दिलेला आहे : ‘ओ’ला निळा, ‘ए’ला पिवळा, ‘बी’ला गुलाबी आणि ‘एबी’ला पांढरा. रक्तदाता व रुग्ण या दोघांचेही नमुने रक्त दिल्यानंतर सात दिवस जपून ठेवावे लागतात, म्हणजे काही विपरीत घडल्यास जुळवणी, अर्थात क्रॉसमॅच, पुन्हा करून पाहता येते.

रुग्णालयाबाहेरील शिबिरांतही मनुष्यबळाचे बंधन सुटत नाही. सहा ते आठ टेबलांच्या शिबिरासाठी एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका किंवा रक्त काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, दोन वैद्यकीय समाजसेवक, तीन तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस असे प्रमाण सांगितले आहे. उत्सव, जयंत्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांनिमित्त महाराष्ट्रात मोठमोठी शिबिरे भरतात. तेथे गर्दी वाढली की टेबले वाढतात आणि कर्मचारी मात्र तेवढेच राहतात, हा धोका आयोजकांनी आधीच ओळखायला हवा.

मनुष्यबळाचा प्रश्न ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेमुळे राष्ट्रीय पातळीवर आला. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात बिनपरवाना रक्तपेढ्या, रक्त विकणारे गरजू लोक आणि सदोष व्यवस्था यांची गंभीर दखल घेतली गेली. राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदांची स्थापना, सर्व रक्तपेढ्यांना परवान्याच्या कक्षेत आणणे, व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करणे, हे आदेश सर्वांना ठाऊक आहेत. त्याच निकालात रक्तसंक्रमणाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करण्याविषयी आणि रक्तपेढीच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या औषध निरीक्षकांविषयीही निर्देश होते, त्यांची आठवण मात्र कमी काढली जाते.

नियमभंग झाल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. परवान्याशिवायच रक्तपेढी चालविणाऱ्यास १९४० च्या अधिनियमाच्या कलम २७ नुसार किमान तीन व कमाल पाच वर्षे कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. अन्य भंगांसाठी एक ते दोन वर्षे कारावास व किमान वीस हजार रुपये दंड सांगितला असून, २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने या दुसऱ्या प्रकारातील गुन्हे आपसमेळयोग्य, म्हणजे खटल्याऐवजी तडजोडीने मिटविता येणारे, ठरविले. अनर्ह व्यक्तीला कामावर ठेवण्याचे प्रकरण सामान्यतः याच दुसऱ्या प्रकारात मोडेल, हे पाहता सवलतीचा वापर जपून व्हावा. रुग्णाला अपाय झाल्यास ग्राहक कायद्याखालील दावा वेगळा. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ‘ए’ पॉझिटिव्ह रुग्णाला ‘बी’ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले, त्या प्रकरणी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरले. तेथे प्रश्न कर्मचाऱ्याच्या अर्हतेचा नव्हता, तरी कर्मचाऱ्याच्या चुकीची जबाबदारी संस्थेवर येते हे त्यातून स्पष्ट झाले.

एकाच रुग्णालयाच्या दोन प्रयोगशाळांना वेगळा कायदा लागू होतो, ही विसंगती येथे नोंदविली पाहिजे. रक्तपेढीतील तंत्रज्ञाची अर्हता औषध कायदा ठरवितो. शेजारच्या रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेला मात्र त्या कायद्याखालील परवाना लागत नाही. तेथील अहवालावर नोंदणीकृत पदव्युत्तर विकृतिशास्त्रज्ञाचीच सही असावी, ही भूमिका डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तंत्रज्ञांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्राने परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेचा कायदा, २०११ केला आणि २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी केंद्रीय राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. व्यक्तीची नोंदणी आणि संस्थेचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी असून एक असल्याने दुसरीची गरज टळत नाही.

ग्रामीण रुग्णालयांतील रक्तसाठवण केंद्रांना, वार्षिक वापर २,००० पिशव्यांहून अधिक नसल्यास, परिशिष्ट ‘के’ नुसार पूर्ण परवान्यातून सूट मिळते. त्यांना दोन वर्षांची मान्यता घ्यावी लागते. ही केंद्रे स्वतः रक्त गोळा करीत नाहीत, परवानाधारक रक्तपेढीकडून आलेल्या पिशव्या ठेवतात व जुळवणी करून देतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात तालुक्याच्या ठिकाणी हीच केंद्रे जीव वाचवितात. सूट परवान्यापुरती आहे. जुळवणी प्रशिक्षित हातांनीच व्हावी, ही अपेक्षा तेथेही कायम आहे.