पडद्यावरची स्लाइड वेगळी, हातातलं टिपण वेगळं

सेमिनारच्या आदल्या रात्री मुलं एकच फाइल करतात. तीच पडद्यावर लावायची, तिचीच प्रिंट परीक्षकांच्या हातात द्यायची आणि नंतर तीच ग्रुपवर टाकायची. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. पण एका फाइलवर दोन कामं लादली की दोन्ही बिघडतात.

स्लाइडच्या शेजारी बोलणारा माणूस उभा असतो. तो गप्प झाला की ती अर्धवट वाटायलाच हवी. टिपणाजवळ समजावून सांगायला कुणी नसतं. दोन महिन्यांनी घरी उघडलं तरी ते कळलं पाहिजे. स्लाइड किती वेळ दिसणार हे वक्ता ठरवतो. टिपण मात्र वाचणारा आपल्या सवडीने वाचतो, पुन्हा मागे जातो, महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारतो.

आपल्या केळीचंच घ्या. विषय आहे रावेर-यावल पट्ट्यातला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजेच हरण्या रोग. नेहमीच्या स्लाइडवर मथळा आणि खाली दहा-बारा ओळी: रोगाचं कारण, मावा किडीमुळे होणारा प्रसार, लक्षणं, उपाय. वक्ता सभेकडे पाठ करून त्या वाचत जातो. मागच्या बाकावरच्याला अक्षरं लागत नाहीत आणि पुढच्याने ती केव्हाच वाचून संपवलेली असतात.

त्याऐवजी पडद्यावर फक्त दोन पानांचे मोठे फोटो लावा. एक हरण्याचं, दुसरं करप्याचं. दोन्हींत पान पिवळं पडतं, म्हणून गल्लत होते. आता बोट ठेवून दाखवा: हरण्यात शिरांच्या दिशेने जाणारे पिवळे पट्टे, तर करप्यात आधी बारीक पिवळट ठिपके आणि पुढे मधोमध राखाडी, वाळलेले डाग. पहिला विषाणूचा रोग, दुसरा बुरशीचा. म्हणून करप्यावर बुरशीनाशक चालतं. हरण्या झालेलं झाड बरं करणारं औषध नाही, ते मुळासकट उपटून नष्ट करावं लागतं. हे ऐकताना डोळे फोटोवर आणि कान तुमच्याकडे असतात, दोघांची ओढाताण होत नाही.

मग त्या दहा-बारा ओळींचं काय? त्या टिपणात जातात, आणि तिथे त्या अपुऱ्याच ठरतील. मावा आटोक्यात कसा ठेवायचा, काकडीवर्गीय पिकं केळीत आणि बांधाला का नकोत, बागेची पाहणी कशी करायची, हे सगळं पूर्ण वाक्यांत लिहा. फवारणीची मात्रा तर टिपणातच हवी. पडद्यावरून घाईत उतरवून घेताना दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं.

बोललेलं आणि लिहिलेलं शब्दशः एकच असलं की समजण्यात अडथळा येतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. चित्र आणि त्यावरचं बोलणं यांची जोडी चांगली. त्यात तेच वाक्य पडद्यावर लिहून भर घातली की ती उलट जड होते. मराठी आपली मातृभाषा असली तरी यातून सुटका नाही.

उलट बाजूची चूक याहून गंभीर, म्हणजे टिपणाच्या जागी स्लाइडवर भागवणं. 2003 मध्ये कोलंबिया यान कोसळून कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी यानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला होता. त्याचा धोका मांडणारी एक स्लाइड चौकशी मंडळाने तपासली, तेव्हा जिवावर बेतू शकणारी बाब तिच्यातल्या उपमुद्द्यांत दडून गेल्याचं दिसलं. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर मंडळाने स्पष्ट बोट ठेवलं. जिथे कारणं, शक्यता आणि आकडे एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे सलग लिहिलेलं पानच लागतं.

आवाजाचंही तसंच. अहिराणीवर बोलत असाल तर बोलीचा हेल सभागृहात ऐकवा. ‘तुनं नाव काय शे’ कागदावर वाचून अर्थ लागतो, हेल ऐकू येत नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुरतो, आणि तो चालू असताना आपण बोलायचं नाही. त्या ओळी देवनागरीत, खाली प्रमाण मराठीत अर्थ, ध्वनिमुद्रण कुठल्या गावचं आणि कधीचं, हे टिपणात द्या. जुन्या प्रोजेक्टरची व्हीजीए केबल फक्त चित्र नेते, आवाज नेत नाही. स्पीकरची वायर वेगळी लागते, हे आधीच बघून ठेवा.

दोन फाइली करायला वेळ नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखाली नोट्सची जागा असते. सविस्तर मजकूर तिथे लिहा आणि ‘नोट्स पेजेस’ म्हणून प्रिंट काढा. वर चित्र, खाली मजकूर असं पान मिळतं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमध्ये केलेलं काम तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन बसतं.

टिपण कधी वाटायचं यावर मतभेद आहेत. माझं मत: बोलून झाल्यावर. आधी दिलं की माना खाली जातात. फक्त एखादा मोठा तक्ता सगळ्यांनी मिळून बघायचा असेल, तर तेवढं पान त्या क्षणी वाटा आणि कीबोर्डवर इंग्रजी ‘बी’ दाबून पडदा काळा करा.