माचू पिच्चूचं तिकीट काढायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. पेरूच्या ग्रुपची तारीख जाहीर केली की पुढचे पंधरा दिवस फोनवर तोच एक प्रश्न येतो, माचू पिच्चूला दोन दिवस कशाला, आणि तोच एक घोळ होतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. आमच्याकडे पेरूसाठी येणारी मंडळी बहुतेक युरोप-जपान करून आलेली असतात, त्यामुळे फॉरेक्स, सिमकार्ड, इन्शुरन्स यात तुमचा वेळ घालवत नाही. हे फक्त माचू पिच्चूबद्दल, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या इंका लोकांच्या जुन्या शहराबद्दल, आणि ते धावतपळत न बघता पोटभर कसं बघायचं त्याबद्दल.

घोळ असा होतो. कुणीतरी उत्साहाने रात्री बसून ऑनलाइन तिकीट काढतं आणि सकाळी मला मेसेज, "तिकीट झालंय, बाकीचं तुम्ही बघा." मी पीडीएफ उघडतो तर त्यावर सर्किट १ (सर्किट म्हणजे आत फिरायचा ठरवून दिलेला मार्ग). मग फोन करून सांगावं लागतं की काका, या तिकिटावर तुम्हाला शहर वरून दिसेल पण शहरात शिरता येणार नाही. समोरून दोन मिनिटं कुणी बोलत नाही. आणि ते तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, पैसेही गेल्यातच जमा.

जून २०२४ पासून तिथे नवी पद्धत आहे. आत तीन सर्किट आहेत आणि त्या तिघांत मिळून १० रूट. एका तिकिटावर एकच रूट, एकाच दिशेने चालत जायचं, मागे फिरायचं नाही, आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत नाही. पूर्वी लोक सकाळी सहाला शिरून दुपारपर्यंत कुठेही हिंडायचे, तुमच्या ओळखीतलं कुणी दहा वर्षांपूर्वी जाऊन आलं असेल तर ते हेच सांगणार, "अरे काही नाही, एक तिकीट काढ आणि दिवसभर फिर." ते खरं सांगतायत, पण ते तेव्हाचं.

सर्किट १ म्हणजे वरच्या पायऱ्यांच्या शेतांवरून नजारा. पहारेकऱ्याच्या घराजवळून जो जगभर छापलेला फोटो असतो तो इथे मिळतो, आणि याच सर्किटच्या वेगवेगळ्या रूटने माचू पिच्चू डोंगरावर, इंती पुंकूला, म्हणजे सूर्यद्वाराला, किंवा इंका पुलाकडे जाता येतं. पण खाली वस्तीत उतरता येत नाही. रायगडावर जाऊन राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर काहीच न बघता एका कोपऱ्यातून फोटो काढून उतरायचं, तसं. सर्किट ३ नेमकं उलटं, ते खालच्या भागातून जातं, सूर्यमंदिराचा परिसर, राजाचं घर मानतात ती जागा, पाण्याची कुंडं, कोंडोरचं, म्हणजे तिथल्या मोठ्या गिधाडाचं मंदिर, पण तो फोटो नाही. वायना पिच्चूची, म्हणजे फोटोत शहरामागे दिसतो त्या सुळक्याची चढाई हवी असेल तर ती याच सर्किटमधल्या ३-ए रूटवर आहे. आणि सर्किट २ हे दोन्हींचा मेळ, वरून नजारा बघून मग मुख्य दरवाजातून वस्तीत उतरायचं. म्हणून ते सगळ्यात आधी संपतं, आणि रात्री बारा वाजता जो तिकीट शोधतो त्याला उरलेलं सर्किट १ दिसतं, त्याला वाटतं मिळालं बुवा.

दहापैकी चार रूट फक्त गर्दीच्या सीझनमध्ये उघडतात, तेव्हा यूट्यूबवर बघितलेली वाट तुमच्या तारखेला असेलच असं नाही. शिवाय दगडांची झीज होते म्हणून काही जागा मधेमधे बंद ठेवतात, सप्टेंबर २०२३ मध्ये इंतीवाताना हा कोरीव दगड, सूर्यमंदिर आणि कोंडोर मंदिराची वाट अशीच बंद केली होती. असं झालं की आम्ही आधी कळवतो. त्याबद्दल गाईडशी वाद घालू नका ही विनंती, त्याच्या हातात काही नसतं.

आता आमची पद्धत, ज्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. आम्ही खाली आग्वास कालियेंतेस गावात दोन रात्री ठेवतो आणि प्रत्येकाला दोन तिकिटं काढतो, पहिल्या दिवशी दुपारी सर्किट ३ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्किट २. दुसऱ्या कंपन्या कुस्को शहराहून एका दिवसात नेऊन आणतात आणि त्यांचा रेट कमी असतो, मान्य आहे. पण हिशोब बघा. त्या गावाला गाडीरस्ता नाही, ओयांतायतांबो या गावाहून रेल्वेने दीड-दोन तास, मग वळणावळणाच्या रस्त्याने बसने वर जायला अर्धा तास, त्याची रांग वेगळी, आणि कुस्कोहून निघालात तर पहाटे तीन-चारला उठायचं. एवढं करून आत दोन-अडीच तास, आणि नेमकं त्या वेळी धुकं असेल तर तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पांढरा पडदा बघून येता. दोन दिवस ठेवले तर एका दिवसाचं आभाळ तरी साथ देतं. इतक्या लांब माणूस आयुष्यात एकदाच जातो, तिथे एक रात्र वाचवून काय मिळवायचं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांना एका दिवसाचाही प्लॅन करून देतो, पण त्यात सर्किट २ मिळालं तरच.

आणि दोनदा आत गेल्याशिवाय ती जागा कळत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. पहिल्यांदा माणूस नुसता बघत राहतो, डोंगर, ढग, खाली उरुबांबा नदीचा वळसा. दुसऱ्यांदा मग दगड दिसायला लागतात. हे शहर साधारण १४२० ते १५३० या काळात वापरात होतं आणि पाचाकुती या इंका राजाने ते बांधवलं असं मानतात, म्हणजे शिवरायांच्या आधी सुमारे दोनशे वर्षं. लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, ग्रॅनाइटची खाण तिथल्या तिथे डोंगरावरच. मुख्य इमारतींचे दगड चुन्याशिवाय बसवलेत, हेमाडपंती देवळं ज्यांनी डोळसपणे बघितलीत त्यांना हे काम बघून फार आनंद होतो. भिंती आत किंचित झुकलेल्या, दारं-खिडक्या वर निमुळत्या, हे सगळं भूकंपासाठी.

पण मला विचाराल तर खरं काम पाण्याचं आहे. आपण गडांवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघत वाढलो, इथे वाहता झरा पकडलाय. डोंगराच्या उत्तर उतारावरच्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट गावात आणलाय आणि तिथून एकाखाली एक १६ कुंडं, पहिलं राजाच्या घराशेजारी. अमेरिकेचे जलतज्ज्ञ केनेथ राइट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो वालेंसिया सेगारा यांनी याचा अभ्यास केला, त्यांच्या अंदाजाने इथलं साठेक टक्के बांधकाम जमिनीखाली आहे, पाया आणि पाण्याचा निचरा. वर्षाला जवळजवळ २००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, अशा उतारावर निचरा नसता तर शहर कधीच घसरून नदीत गेलं असतं. ही कुंडं सर्किट ३ वर जवळून बघता येतात, म्हणून ते आम्ही सोडत नाही, एका दिवसाच्या तिकिटावर हे सगळं निवांत होत नाही.

सूर्यमंदिराची खिडकीही दाखवायला सांगा, जूनमधल्या अयनाच्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण तिच्यातून आतल्या खडकावर पडतो. आणि तीन खिडक्यांच्या मंदिराजवळ गाईडला आगुस्तीन लिसारागा या तिथल्या शेतकऱ्याबद्दल विचारा. सगळे म्हणतात अमेरिकेच्या हायरम बिंगहॅमने २४ जुलै १९११ ला हे शहर शोधलं, पण लिसारागाने १९०२ मध्येच तिथल्या भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं, आणि बिंगहॅम पोचला तेव्हा तिथे शेती करणारी कुटुंबं राहत होती. बिंगहॅमने अमेरिकेत येल विद्यापीठाला नेलेल्या वस्तू शंभरेक वर्षांनी परत आल्या, त्या कुस्कोत कासा कोंचा या वाड्यात ठेवल्यात. हे म्युझियम आमच्या प्लॅनमध्ये माचू पिच्चूच्या नंतर आहे, आधी बघून उपयोग नाही, जागा डोक्यात नसली की मडकी नुसती मडकी वाटतात.

कुस्को शेवटी का, हेही सारखं विचारतात. कुस्को ३४०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. राजधानी लिमा समुद्राकाठी, तिथून विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे नेऊन सोडतं. पहिल्याच रात्री तिथे झोपलात तर डोकं ठणकतं, भूक जाते, काहींना उलट्या होतात. म्हणून आम्ही विमानतळावरून सरळ गाडीत बसवून खाली ओयांतायतांबोला नेतो, ते २८०० मीटरच्या आसपास, मग माचू पिच्चू २४३० मीटर, आणि शरीर रुळलं की वर कुस्को. बीपी, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारून घ्यायचं, उंचीच्या त्रासाची गोळी आमच्या सांगण्यावरून घ्यायची नाही. तिथे कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, खुशाल प्या, पण पानं किंवा त्या चहाच्या पिशव्या बॅगेत घालून आणू नका, भारतात तो गुन्हा आहे.

ओयांतायतांबोला नुसती रेल्वे पकडायला जाऊ नका, अर्धा दिवस द्याच. १५३७ च्या सुमाराला मांको इंका या राजाने इथे स्पॅनिश फौज परतवून लावली, पाट फोडून खालच्या मैदानात पाणी सोडलं आणि घोडदळ अडवलं. गड-किल्ल्यांची आवड असलेला माणूस इथून हलत नाही. वर सहा प्रचंड दगड उभे आहेत, ते नदीपलीकडच्या डोंगरातून आणलेले. कुस्कोजवळच्या साक्सायवामानला तर शंभर टनांवरचे दगड आहेत. ही दोन्ही ठिकाणं, शिवाय पिसाक आणि मोराय इथले इंका अवशेष एकाच पर्यटक तिकिटात येतात, १६ जागा आणि १० दिवस, त्यामुळे ते आम्ही सगळ्यांना काढून देतो. कुस्कोचं कोरिकांचा हे सूर्यमंदिर त्यात नाही, त्याचं वेगळं. १९५० च्या भूकंपात तिथलं वरचं स्पॅनिश बांधकाम कोसळलं आणि इंका भिंती तशाच राहिल्या, ते बघण्यासारखं आहे.

तारखेचं म्हणाल तर मे ते सप्टेंबर कोरडं असतं, मुलांच्या मेच्या सुट्टीत जमून जातं. जूनच्या २४ ला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे सूर्याचा सण, रंगत मोठी पण हॉटेलं फार आधी भरतात. दिवाळीत पावसाची सुरुवात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही ग्रुप काढतच नाही, २०१० च्या जानेवारीत पुराने रेल्वेचे रूळ वाहून गेले आणि हजारो पर्यटक हेलिकॉप्टरने काढावे लागले होते.

पासपोर्टबद्दल नीट ऐका. तिकिटावर जो नंबर तोच पासपोर्ट गेटवर लागतो, मूळ, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नाही. एका ताईंनी तिकीट निघाल्यावर पासपोर्ट रिन्यू केला आणि आम्हाला सांगितलंच नाही, गेटवर जुना-नवा दोन्ही दाखवून, गाईडने विनवण्या करून तासाभराने सोडलं आणि तोवर बाकीचा ग्रुप पुढे गेला. म्हणून आम्ही बुकिंगच्या वेळी आधी पासपोर्टची पानं मागतो आणि तिकिटाचे पैसे आगाऊ घेतो, काहींना हे जरा घाईचं वाटतं पण तिकीट मिळाल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी माचू पिच्चू, मग रेल्वे, मग विमान. विमान स्वस्त दिसलं म्हणून आधी काढणाऱ्यांचीच सगळ्यात जास्त ओढाताण होते. व्हिसाचं प्रत्येकाचं वेगळं, अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथला व्हिसा विमान बदलायलासुद्धा लागतो.

आत मोठी बॅग, छत्री, सेल्फी स्टिक, खाणं काही चालत नाही. काठी चालते पण टोकाला रबर हवं. रेनकोट घ्या. टॉयलेट आत नाही, गेटबाहेर आहे, सिनियर सिटिझन मंडळींनी हे आधीच ध्यानात ठेवा. गुडघे दुखत असतील तर वायना पिच्चूचा हट्ट नको, पायऱ्या उभ्या आणि अरुंद आहेत.

जेवणाची काळजी करू नका. बटाटा, मका, क्विनोआ सगळं तिथलंच, आणि तिकडे किविचा म्हणतात तो म्हणजे आपला राजगिराच, उपवासवाल्यांचीही सोय होते. स्वयंपाकात चिकनचा रस्सा घातलाय का हे गाईड प्रत्येक ठिकाणी विचारून घेतो. एका गाईडमागे दहाच माणसं हा तिथला नियम आहे, आणि आम्ही ग्रुपच दहाचा करतो म्हणजे कुटुंबं तुटत नाहीत.

तुम्ही स्वतः तिकीट काढणार असाल तरी हरकत नाही, फक्त पैसे भरायच्या आधी स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, सर्किट आणि रूट बघून सांगतो, त्याचे काही पैसे घेत नाही. आमच्याबरोबर यायचं असेल तर पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान आणि अंदाजे महिना पाठवा, पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर आधी रिन्यू करा आणि मग नवा नंबर कळवा.