टाइमलाइनवर चित्र आलं, आवाज आला नाही? आधी हे वाचा

आमच्याकडून एडिटिंगचा पीसी नेलेल्या आणि नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. गुजराती प्रत हवी असेल तर काउंटरवर मागा.

लग्नसराई सुरू झाली की दुकानाच्या पायरीवरूनच हाक ऐकू येते, "अवाज नथी आवतो!" दांडिया बाजारातले आपले लोक मराठीत म्हणतात, "आवाज गेला हो." दोघांनाही आम्ही तेच सांगतो. आवाज बहुतेक वेळा गेलेला नसतो. तो फाइलमध्येच असतो, फक्त तुमच्या सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की घाबरून काही डाउनलोड करू नका आणि कॅमेऱ्याचं कार्ड तर मुळीच फॉरमॅट करू नका.

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत एखाद्या जुन्या पेटीत मोडीतले कागद निघतात. कागद शाबूत, शाई शाबूत, पण घरात कोणाला वाचता येत नाही. कोडेक, म्हणजे आवाज किंवा चित्र दाबून लिहायची आणि वाचायची पद्धत, तिचंही तसंच आहे. कॅमेरा आवाज दाबून, लहान करून एका ठराविक लिपीत लिहितो आणि तो वाजवायचा तर ती लिपी जाणणारा कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये असावा लागतो. व्हीएलसी प्लेअर असे सगळे वाचणारे सोबत घेऊनच फिरतो. म्हणून "व्हीएलसीत तर मस्त वाजतंय" ही तक्रार आमच्या दृष्टीने चांगली बातमी असते. आवाज जागेवर आहे, हे तिथेच कळतं.

आता एक कबुली. गेल्या मार्गशीर्षात रावपुऱ्याकडचे एक व्हिडिओवाले आले. पीसी आमच्याच हातचा, दोन महिन्यांपूर्वी जुळवून दिलेला. हॅंडीकॅमवर शूट केलेलं लग्न प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर चित्र स्वच्छ आणि मंगलाष्टकं मुकी. अंतरपाट धरलेला, मामा उभे, गुरुजींचे ओठ हलताहेत, आवाज शून्य. त्याच कार्डातल्या फाइली त्यांच्या जुन्या विंडोज १० च्या पीसीवर नीट वाजत होत्या. साहजिकच त्यांना वाटलं, नव्या पीसीचं साउंड कार्ड खराब. रात्रभर त्यांनी इंटरनेटवरून दोन कोडेक पॅक घातले. आवाज आला नाही, ब्राउझरचं पहिलं पान मात्र बदललं.

साउंड कार्ड ठीक होतं. हॅंडीकॅम एव्हीसीएचडी पद्धतीने रेकॉर्ड करतो. सोनी आणि पॅनासोनिकने ही पद्धत २००६ मध्ये आणली, तिच्या फाइलींच्या शेवटी एमटीएस असतं आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये असतो. पूर्वी अ‍ॅडोबी प्रीमिअर हा आवाज स्वतः वाचत असे. पुढे अ‍ॅडोबीने ते काम विंडोजवर सोपवलं. विंडोज १० मध्ये एसी-३ वाचणारा असल्याने कोणाला फरक जाणवला नाही. मग विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि मायक्रोसॉफ्टने कोऱ्या इन्स्टॉलमधून तो वाचणाराच काढला. जुन्या विंडोजवरून अपडेट होत आलेल्या पीसीत तो टिकतो, काही कंपन्यांच्या तयार लॅपटॉपमध्ये कंपनीच घालून देते. आमच्यासारख्यांनी नवीन डिस्कवर कोरं विंडोज टाकून दिलेल्या पीसीत मात्र तो नसतो. म्हणजे जुना पीसी बोलका आणि नवा, महागडा पीसी मुका! हे आम्ही पीसी देतानाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक आमची. तेव्हापासून हॅंडीकॅमवाल्या ग्राहकाच्या पीसीवर एक छोटी एमटीएस वाजवून दाखवल्याशिवाय आम्ही पीसी हातात देत नाही, आणि हे पत्रकही त्यानंतरच लिहायला घेतलं.

मुळात कोडेकचाच दोष आहे का, ते आधी बघा

क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर, ओढा आणि खालच्या ऑडिओ ट्रॅककडे बघा. तिथे आवाजाच्या लाटा दिसताहेत पण ऐकू काही येत नाही, तर कोडेकचा काही संबंध नाही. प्रीमिअरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, ऑडिओ हार्डवेअर असं जा आणि डिफॉल्ट आउटपुट तपासा. काल ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असतो, आज तो घरी राहिलेला असतो आणि आवाज बिचारा त्यालाच शोधत असतो. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर कधी कधी आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जातो.

लाटा नाहीत, पण खाली उजव्या कोपऱ्यात एक पट्टी हळूहळू भरते आहे? मग थांबा. सॉफ्टवेअर आवाजाची स्वतःपुरती प्रत तयार करतंय. तीन तासांच्या लग्नाला वेळ लागतोच, तेवढ्यात चहा होतो.

क्लिपमध्ये आवाज आहे पण टाइमलाइनवर फक्त चित्रच उतरतंय, असंही होतं. ट्रॅकच्या डाव्या टोकाला ए१ ची निळी खूण चुकून बंद झालेली असते. एकदा क्लिक करा. या एका क्लिकसाठी वाघोडिया रोडवरून पीसी उचलून आणलेला आम्ही पाहिला आहे. एका बाजूच्याच कानात आवाज येत असेल तर कॉलर माइक एकाच चॅनेलवर रेकॉर्ड झालाय. क्लिपवर राइट क्लिक करून मॉडिफाय, ऑडिओ चॅनेल्समध्ये ते सुधारतं.

क्लिपला ऑडिओ ट्रॅकच नाही, नुसतं चित्र आहे, तर मात्र लिपीचा प्रश्न. कोणती लिपी, ते व्हीएलसीच सांगतो. फाइल त्यात उघडा, कीबोर्डवर कंट्रोल आणि जे दाबा. छोटी खिडकी उघडते, त्यात ऑडिओच्या खाली कोडेकचं नाव असतं. 'ए५२ ऑडिओ' दिसलं तर तोच तो डॉल्बी एसी-३, ए/५२ हे त्याच्या मानकाचं नाव. 'एमपीईजी एएसी' म्हणजे मोबाइल आणि बहुतेक एमपी४. 'ओपस' म्हणजे बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज. 'पीसीएम' असेल तर आवाज दाबलेलाच नाही, तो कुठेही वाजायला हवा, वाजत नसेल तर भानगड दुसरीच आहे.

उपाय: आवाज वेव फाइलमध्ये काढून घ्या

वेव म्हणजे आवाजाची बाळबोध लिपी. ती प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येते. आम्ही शटर एन्कोडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते आतून एफएफएमपेगवर चालतं, त्याच्याकडे व्हीएलसीसारखे स्वतःचे वाचणारे असतात, त्यामुळे विंडोजवर अवलंबून राहत नाही. फाइली त्यात ओढायच्या, फंक्शनच्या यादीतून वेव निवडायचं आणि स्टार्ट दाबायचं. मूळ फाइलला हात लागत नाही, शेजारी त्याच नावाची वेव फाइल तयार होते. चित्र पुन्हा दाबलं जात नसल्याने त्याचा दर्जा उतरत नाही आणि काम झटपट होतं.

मग टाइमलाइनवर चित्राच्या अगदी सुरुवातीला ही वेव खाली लावा, दोन्ही निवडून राइट क्लिक करा आणि लिंक करा. जुळलं की नाही ते सुरुवातीला बघू नका, शेवटाकडे बघा. शेवटच्या 'सावधान'नंतर ताशावाल्याची काठी पडते, तिथे फ्रेम थांबवा. काठी चामड्यावर टेकते त्याच फ्रेमला लाटेचा उंच सुळका हवा. आरंभ आणि शेवट दोन्ही जुळले म्हणजे मधलं जुळलंच.

वेव जागा जास्त खाते, त्याची तयारी ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट, मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी. तीन तासांच्या लग्नाचा आवाज दोन जीबीच्या आसपास जातो. चित्राच्या मानाने हे काहीच नाही. व्हिडिओसाठी आवाज ४८ किलोहर्ट्झवरच ठेवा. ४४.१ हा आकडा ऑडिओ सीडीचा.

विंडोजमध्ये एसी-३ वाचणारा नंतर आला, किंवा फाइल दुसऱ्या पीसीवर नेली, तरी प्रीमिअर कधी कधी हट्टाने मुकंच राहतं. 'या फाइलला आवाज नाही' अशी नोंद त्याने करून ठेवलेली असते. एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅशमध्ये जाऊन कॅश पुसा आणि क्लिप नव्याने आत घ्या.

हॅंडीकॅमवाल्यांसाठी आणखी एक. लांबलचक शूट कॅमेरा एका फाइलमध्ये ठेवत नाही, तुकडे पाडतो. नुसत्या एमटीएस फाइली कॉपी केल्या की दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाजाला बारीक खाच पडते आणि ती नेमकी सप्तपदीतच येते, असा आमचा अनुभव. कार्डावरचा सगळा फोल्डर आहे तसा कॉपी करा आणि प्रीमिअरच्या मीडिया ब्राउझरमधून क्लिप आत घ्या. मग ते तुकडे स्वतःच जोडून घेतं. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस असा पर्याय असेल तर पुढच्या कामाला तोच निवडा. त्यात आवाज सहसा पीसीएम असतो आणि हे सगळं पुराणच संपतं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात

अमेरिकेतल्या आत्यांचा आशीर्वाद व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून येतो आणि प्रीमिअर तो घेत नाही. तो ओपसमध्ये असतो. त्यालाही वेवचाच उपाय.

दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लिनक्सवर चालवणारे दोन-चार हौशी ग्राहक आमच्याकडे आहेत. तिथे मोबाइलच्या एमपी४ मधला एएसी आवाज येत नाही, हे ठरलेलं आहे, बिघाड नव्हे. विंडोजवरच्या रिझॉल्व्हमध्ये ही अडचण नाही.

कॉम्प्युटर दुसरीकडून घेतलाय आणि कुठलाच व्हिडिओ धड चालत नाही? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट उघडा. विंडोजच्या नावाच्या शेवटी सुटं 'एन' अक्षर असेल तर ती युरोपसाठी काढलेली, मीडियाचे भाग वगळलेली आवृत्ती आहे. ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक घ्या. फुकट आहे.

गरब्याचं मोबाइलवरचं शूट सुरुवातीला जुळतं आणि दहा मिनिटांनी टाळी आधी, हात नंतर असं होतं, त्यात कोडेकचा दोष नाही. मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करत असतो. हॅंडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये फाइल कॉन्स्टंट फ्रेमरेटवर, म्हणजे फ्रेमच्या एकसारख्या वेगावर, बदलून घ्या.

कोडेक पॅकबद्दल आमचं मत स्पष्ट आहे, घालू नका. आजची एडिटिंग सॉफ्टवेअर आवाज वाचायला त्या पॅककडे बघतसुद्धा नाहीत. फायदा जवळजवळ शून्य, आणि 'कोडेक डाउनलोड'च्या मोठ्या हिरव्या बटणामागून काय काय आत येतं, ते साफ करायला आमचा अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे घ्यायला आम्हालाच संकोच वाटतो, पण घेतो.

एवढं करूनही आवाज नाहीच आला तर दुकानात या. पीसी लगेच आणू नका, आधी फाइल दाखवा. मात्र ती पेनड्राइव्हवर, कार्डावरून थेट कॉपी केलेली असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप चित्र आणि आवाज दोन्ही नव्याने दाबतं, एसी-३ चं एएसी होतं, आणि तुमच्याकडे मुकी असलेली क्लिप आमच्याकडे खणखणीत वाजते. मग तुम्ही म्हणता आवाज नाही, आम्ही म्हणतो आहे, आणि दोघंही खरं बोलत असतो.